दहा ओळींची राखण

देवश्रीनं आजोबांच्या उकवा गावाजवळच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान निघाल्यावर, एका नव्या तेलबीच्या दहा ओळी पेरल्या आणि बजावलं, "पाणी द्यायचं नाही, आबाजी. थंडीत झाकायचं नाही. सुक्यात अन् गारठ्यात हे झाड तगते का, तेच पाह्यचं आहे. बिघडलं तर माझं अख्खं वर्ष जाईल."

"हौ, समजलं," आजोबा प्रेमलाल म्हणाले. मोहरीहून बारीक त्या दाण्याच्या तेलावर मोटारी धावणार, हे ऐकून त्यांनी बांधीला हातच जोडले.

नात जबलपूरला आपल्या कृषी विद्यापीठात परत गेली. आठ दिवसांत रोपं कोमेजल्यासारखी दिसली आणि प्रेमलालच्या घशाखाली घास उतरेना. सकाळीच त्यांनी बादली उचलली.

"पोरगी काय सांगून गेली?" आजी दुर्गाबाईंनी हटकलं.

"पाहुण्याले पाणी बी नाही विचारायचं का व?"

रोपं पिवळी पडली. तहान भागली नसेल, म्हणून त्यांनी दोन बादल्या दिल्या. आणखी पिवळी पडली, म्हणून शेणखत घातलं. पौषातला गारठा आला, तशी धानाच्या पेंढ्याची तणस पांघरली. तणशीखाली बुरशी धरली.

देवश्रीचा फोन आला. "पाणी तर नाही दिलं न?"

"मी काहून देऊ?" म्हणत प्रेमलालनी बादली पायानं बाजेखाली सरकवली.

"तिले फोनातून दिसते का?" दुर्गाबाई म्हणाल्या.

शेवटी देवश्री तिच्या मार्गदर्शक नूतन मॅडमना घेऊन भल्या सकाळी आली. पुढच्या सहा ओळी कुजून आडव्या पडल्या होत्या. पोरीचे डोळे भरले. प्रेमलालनी मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं.

"पण तिकडे काय आहे?" मॅडम पुढे गेल्या.

पलीकडच्या चार ओळी ताठ उभ्या होत्या. खाली जमीन भेगाळलेली, पानापानावर दहिवर गोठलेलं, आणि तरी शेंगा टच्च भरलेल्या. उन्हाची तिरीप आली तसं सगळं शिवार लखलखलं. प्रेमलालनी डोक्यावरचा गमछा काढला. साठ वर्षांत असं पीक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बाबा, या ओळींचं काय केलं तुम्ही?" मॅडमनी हळूच विचारलं.

"काहीच नाही, बाई. दरवेळी सहाव्या ओळीतच कंबर धरली. पुढं जाताच आलं नाही."

देवश्री रडता रडता हसली. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दोन एकर पेरू. राखण बाबाच करतील." मग दुर्गाबाईंकडे वळून म्हणाल्या, "फक्त त्यांच्या कमरेला तेल लावू नका."