मेरीबाईची भाकर

गुड फ्रायडेला आमच्या अमरावतीच्या चर्चमध्ये सगळ्यांचा उपास असतो आणि कुसुमकाकू डबा घेऊन येतात. डब्यात पिठलं-भाकर. मेरीसाठी.

काकू भातकुलीच्या. मी ज्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत काम करते, त्याच्या फाटकाशी त्या हार विकतात. शेजारच्या चर्चमध्ये मेलेल्या येशूला मांडीवर घेऊन बसलेल्या मेरीचा पुतळा आहे. टोपली रिकामी झाली की काकू तिच्यासमोर बसतात. हात जोडत नाहीत, मेणबत्ती लावत नाहीत. बोलतात.

"एवढा थोराड पोरगा. पायाले मुंग्या आल्या असतीन ना वं मेरीबाई?"

काकू कशालाही नावं ठेवतात. फादरांच्या झग्याला इस्त्री नसते, गाणाऱ्या मुली कुथून गातात, माझ्या डब्यातली भाजी म्हणजे "दवाखान्यातली". मी ऐकून घेते. मला उत्तरं घरी गेल्यावर सुचतात.

ज्या घरातलं माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे भाकर नेतात. म्हणून डबा. सिस्टरांनी एकदा समजावून पाहिलं, "काकू, तो रविवारी पुन्हा उठतो."

"रईवारी उठन तवा उठन. आज तर मेला ना? तिले आज कोण जेवू घालन?"

सिस्टरांनी डबा ठेवू दिला.

लोक मेरीकडे काय काय मागतात, तुम्ही काहीच कसं मागत नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं.

"तिले तिचाच नाई वाचवता आला. मले काय देईन बिचारी?"

या हिवाळ्यात काकूंचा एकुलता एक प्रवीण मोटारसायकलवरून येताना ट्रकखाली गेला. शाळेतले सगळे भेटून आले. मी गेले नाही. काय बोलायचं ते ठरवत राहिले आणि चार महिने गेले. काकू फाटकाशी परत आल्याच नाहीत.

गुड फ्रायडेला मेरीसमोर डबा नव्हता. मी घरी जाऊन पिठलं केलं, वेड्यावाकड्या दोन भाकरी थापल्या आणि भातकुलीची बस पकडली.

काकू ओसरीवर बसल्या होत्या. टोपली पालथी पडली होती.

"कावून आली वं?"

पाठ केलेलं वाक्य आठवेना. मी डबा पुढे केला. त्यांनी तो उघडून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि एक भाकर मोडून निमूट खाऊ लागल्या.

"मेरीबाईपाशी कोन गेलं आज?"

"कोणी नाही."

बराच वेळ त्या चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिले मांडीवर तरी भेटला. मले त बांधून देल्ला. तोंडबी पाहू देल्लं नाई."

त्यांनी उरलेली भाकर आणि पिठलं परत डब्यात ठेवून झाकण लावलं.

"हे तिले नेऊन देजो. उपाशी असन."

मी पोचले तेव्हा चर्चला कुलूप होतं. पायरीवर बसून ते मीच खाल्लं. पिठल्यात मीठ नव्हतं. काकू एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.