उतरताना घ्या

आमचं घर सावरलं ते तुळशीराम डोंगरदिवे यांनी. नाव आधीच सांगून टाकते, कारण मी बोलता बोलता इकडं-तिकडं जाते आणि ज्याचं सांगायचं त्याचंच राहून जातं. आमच्या बीबी गावात त्यांना या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळ्या गावाचे ते कंडक्टरमामा. माझी माय तेवढी त्यांना भाऊ म्हणते.

मामांनी कधी कुणाच्या दाराची कडी वाजवली नाही. त्यांच्या खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा असतो. लाल गाडीची नोकरी संपली तेव्हा तो जमा करायचा राहिला, म्हणजे मामांनी राहू दिला. त्या चिमट्यानं ते पत्र्यावर ठोकतात. एकदा ठोकलं की थांबा, दोनदा ठोकलं की चला. मायचा चमचा साखरेच्या डब्यात दुसऱ्यांदा गेला की टक्! माय थांबायची. मग मामा "डबल" म्हणून टक्-टक् करायचे आणि चहा पुढं सरकायचा.

तो चहाही ते उभ्यानं प्यायचे. खांबाला पाठ, एक पाय पुढं, एक मागं. आयुष्य मेहकर डेपोच्या गाड्यांत गेलेलं. खालची जमीन हलत नाही, हे त्यांच्या पायांना अजून पटलेलं नाही.

"भाऊ, बसा ना. खाट खालीच हाय."

"बायामाणसाईले बसू द्या. मी उभाच बरा."

घरात बाया आम्ही तिघी, माय, मी आणि धाकटी प्राची, आणि तिघीही उभ्याच असायचो. खाट रिकामी राहायची.

अजून एक खोड. सुट्टे नसले की जुने कंडक्टर बाकीचा आकडा तिकिटामागं लिहून द्यायचे आणि म्हणायचे, "उतरताना घ्या." मामांनी ते नोकरीबरोबर सोडलं नाही. कुणी त्यांचे आभार मानले तरी तेच. "राहू दे, बाकी उतरताना घेऊ." दोन घरांमधल्या भिंतीवरून माय त्यांना वाटीभर वरण द्यायची, तेव्हाही वाटी परत आली की आत एक चिठ्ठी. "एक वाटी वरण बाकी. उतरताना घ्या." अशा चिठ्ठ्या मायनं डाळीच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत.

आता झालं काय ते सांगते.

माझ्या पप्पांनी डीजे घेतला. आधी त्यांचा साधा मंडप होता, चार बांबू, दोन कनाती आणि एक भोंगा. जयंतीला बाहेरगावचा डीजे येऊन भाव खाऊन गेला, ते पप्पांच्या मनाला लागलं. फायनान्स काढून त्यांनी कपाटाएवढे दोन स्पीकर आणले. एका सीझनभर आमच्या घराला मान होता. मग लॉकडाउन आला. लग्नं वीस माणसांत व्हायला लागली, आणि वीस माणसांना नाचवायला कपाटाएवढा स्पीकर कोण बोलावतो? पप्पा रोज सकाळी त्या स्पीकरांवरची धूळ पुसायचे, आणि फायनान्सवाल्याची मोटरसायकल गल्लीत वाजली की मागच्या दारानं शेताकडं जायचे. हप्ता भरायला दुसरीकडून उचललं, ते भरायला तिसरीकडून.

त्यात माझी शाळा नववीला सुटली. कुणी सोडवली नाही. मीच म्हटलं, जाते मायसोबत सोयाबीन सोंगायला, कापणीच्या मजुरीला. कुणी नको म्हटलं नाही, एवढंच. दोन वर्षांनी प्राची आठवीत गेली. एक दिवस दुपारी पप्पा मायला म्हणाले, "हिचं बी पुढच्या साली पाहू. दोघी कमावत्या झाल्या तर हप्ता निघते."

भिंतीपलीकडून पत्र्यावर आवाज आला. टक्. एकच.

मग मामाच आले. टोपी घालून, दंडाला बिल्ला लावून. तो बिल्लाही जमा करायचा राहिलेला.

"गाडी थांबवा," ते पप्पांना म्हणाले. "चेकिंग हाय."

"काहाचं चेकिंग, कंडक्टरसाहेब?"

"तुमच्या गाडीत बिगर तिकिटाचे लोक लय बसून राह्यले. आन् तिकीटवाल्या पोट्टीले तुम्ही खाली उतरवता? एक उतरवली, आता दुसरी? चेकिंग होऊ द्या आधी."

त्यांनी दारापासून सुरुवात केली. टीव्हीवर चिमटा टेकवला.

"हे कोण?"

"टीव्ही हाय, भाऊ," माय म्हणाली.

"ते दिसते मले. यानं तिकीट काढलं काय? कमावते का? पोट भरते का?"

"बातम्या सांगते," पप्पा म्हणाले.

"बातम्या तर तुमची बायको बी सांगते, फुकट. उतरवा."

माय हसली आणि लगेच गप्प झाली, कारण चिमटा तिच्या चहाच्या पातेल्याकडं निघाला होता. दिवसाचे सहा चहा तीनवर आले. मग मामा वळले. "आन् खिशात कोण बसलं?"

पप्पांनी खिशावर हात ठेवला. "काही नाई."

"लेकरू लपवलं म्हणून कंडक्टरले दिसत नाई काय? काढा बाहेर."

पप्पांनी खर्ऱ्याची पुडी काढली, तंबाखू-सुपारी घोटलेली. दिवसाला चार लागायच्या. बरीच घासाघीस झाली. पप्पा म्हणाले, एकदम सोडला तर डोकं फिरते. शेवटी खर्ऱ्याला हाफ तिकीट मिळालं, दिवसाला दोन. पुढं सहा महिन्यांनी तेही बंद झालं.

मोबाईलच्या रिचार्जला तर मामांनी उभंच केलं नाही. मायचा एक, पप्पांचा एक. "एका गल्लीत एक रिचार्ज पुरे. माझा हाय ना. कोणाचा फोन आला तर मी भिंतीवरून ठोकतो. एक ठोका म्हणजे पप्पाचा, दोन म्हणजे मायचा."

शेवटी ते स्पीकरांपाशी आले. आम्हाला वाटलं, आता म्हणतील, उतरवा. पण मामांनी चिमटा खिशात टाकला. एका स्पीकरवर तळहात ठेवला. मग पप्पांना हळूच म्हणाले, "याईचं ठिकाण अजून यायचं हाय, का मागंच निघून गेलं?"

पंधरा दिवसांनी एका सकाळी पप्पा धूळ पुसता पुसता स्वतःच म्हणाले, "गेलं." सोनाळ्याच्या काही पोरांनी ते स्पीकर घेतले. पिकअपमध्ये मागं सामानाजवळ मामा सोनाळ्यापर्यंत गेले, उभ्यानं. एवढा लांबचा रस्ता! ड्रायव्हर म्हणाला, केबिनमध्ये बसा. मामा म्हणाले, गाडीत माणसं असली का कंडक्टर मागंच असते. जुना भोंगा मात्र त्यांनी विकू दिला नाही. आता पप्पा त्यावर गावात पुकारा करतात. बैल हरवला, पाणी उद्या येणार नाही, बाजारात कांदा उतरला. आवाज तर त्यांचा पहिल्यापासून चांगलाच होता.

मायची खरी परीक्षा पेटीनं घेतली. पेटीत आहेराच्या साड्या, टॉवेल, टोप्या. एका लग्नात आलेली साडी दुसऱ्या लग्नात द्यायची, कमी पडलं तर उसनं काढून विकत घ्यायची. मामांनी एक टोपी उचलून पाहिली. "ही कोणी डोक्यात घातली काय आजवर?"

"आहेराची टोपी कोण घालते, भाऊ?"

"मंग हे पासहोल्डर हायत. जिंदगीभर हिंडतात, तिकीट कोणीच काढत नाई. दोन साल आहेर घेऊ नका, देऊ नका."

"लोक काय म्हणतीन?"

मामांनी वहीचं पान फाडलं आणि त्यावर चक्क पास लिहून दिला. "सदर बाईस आहेर देण्यातून सवलत. मुदत दोन वर्षे." खाली सही, आणि चिमट्यानं दोन भोकं.

ती गंमत होती. पण माझी माय भोळी. दुसरबीडला भाचीच्या लग्नाला ती तो पास पदराला बांधून गेली. माझी सख्खी मामी तिथं चार बायांत म्हणाली, "डीजेवाल्याची बायको हात हालवत आली वाटते!" मायनं पदराची गाठ सोडली आणि पास मामीच्या हातात दिला. मामीनं तो मोठ्यानं वाचला. सगळा मांडव हसला. माय घरी आली ती रडतच. मामा अंगणात तोंड पाडून उभे राहिले. "चुकलं माझं, बाई. मले वाटलं तुम्ही हसान."

पण तिसऱ्या दिवशी आमच्याच गल्लीतल्या दोन बाया मायकडं आल्या. एक दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, तो पास कोठी भेटते? आमच्या घरी यंदा सहा लग्न हायत." मामांनी त्या उन्हाळ्यात अकरा पास लिहून दिले.

तेवढ्यात मला अठरावं लागलं आणि मावशीच्या ओळखीनं मी बंगळूरला आले. इथं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुते, वाळवते, घड्या घालते. भाषा कळत नव्हती. सुपरवायझर बाई ओरडल्या की वाटायचं, आज काढणार. अजूनही वाटतं. चादर फाटलेली दिसली तर मी आधी माझ्या नखाकडं बघते.

रविवारी दहा वाजता मी घरी फोन लावायचे, म्हणजे मामांच्या मोबाईलवर. पहिली घंटी पुरी वाजायच्या आत ते उचलायचे.

"बोला, कुठून बसल्या?"

"बंगळूर."

"कुठं जायचं?"

"बीबी."

"सुट्टे हायत काय?"

मी हसले की मग ते भिंतीवर दोनदा ठोकायचे. माय यायला दोन-तीन मिनिटं लागायची. तेवढ्यात ते सगळं विचारून घ्यायचे. भाकर भेटते का नुसता भातच? पायात चप्पल कोणती? जिथं राहते तिथं खिडकी हाय का? मायला सांगायचं नाही असं मी त्यांना सांगायचे. एकदा सांगितलं, मामा, मले इथं काहीच समजत नाही, मी परत येते. ते म्हणाले, "माझ्या पयल्या ड्युटीले मी गाडी सुटल्यावर स्टँडवरच राह्यलो होतो, माहीत हाय काय तुले? ड्रायव्हर बिगर कंडक्टरचा सुलतानपूरपर्यंत गेला. तरी काढलं नाई मले. तुले कोण काढते? काम कर गुमान. डबल."

टक्-टक् ऐकू आलं. मी राहिले.

तीन वर्षं लागली. गेल्या उन्हाळ्यात शेवटचा हप्ता गेला. प्राची अकरावीला मेहकरला जाते, गाडीनं, पासवर, खऱ्या. त्या दिवशी मामांनी आमच्या पत्र्यावर एकदाच ठोकलं आणि म्हणाले, "लागली गाडी. उतरा आता सावकाश." मायनं गोड शिरा केला, साखर मोजली नाही, आणि मामांनी टोकलं नाही.

पप्पांनी मायला नवीन रिचार्ज मारून दिला. मी रविवारी थेट मायला फोन लावायला लागले. तासभर बोलायचो. तीन-चार रविवार असेच गेले, आणि माझ्या काही ध्यानात आलं नाही. हे आता सांगतानाही मला लाज वाटते.

ध्यानात आणून दिलं प्राचीनं. ती म्हणाली, "ताई, मामा दर ऐतवारी मले म्हणतात, पाह्य बरं पोरी, हा मोबाईल बिघडला वाटते, वाजतच नाई. मी मायच्या फोनवरून मिसकॉल देते. वाजते. म्या म्हटलं, वाजते ना मामा. तर म्हणतात, हाव, वाजते खरा."

मामांचा मुलगा पुण्याला असतो. चांगली नोकरी आहे. रिचार्ज तोच तिथून मारतो, वर्षाचा एकदम. मामांची बायको वारल्यापासून त्या फोनवर रविवारी दहाला जी घंटी वाजायची, ती माझीच होती.

मी मायला सांगितलं. पुढच्या रविवारी दहाच्या आधी ती वाटीभर वरण घेऊन मामांच्या दारात गेली. हेही प्राचीनंच सांगितलं. माय म्हणाली, "भाऊ, रमाचा फोन येईन आता तुमच्यावर. उचलजा."

मामा म्हणाले, "तुमचा फोन तुमच्यापाशी आला ना बाई आता. मी कशाले मधात? मी बिगर तिकिटाचा."

"अवो भाऊ," माय म्हणाली, "कंडक्टरले कधी तिकीट लागते काय?"

मामांनी वाटी घेतली. खिसे चाचपले आणि उगाच विचारलं, "सुट्टे हायत काय?" मग, प्राची म्हणते, ते खाटेवर बसले. तिनं त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हाच मी फोन लावला. घंटी दोनदा पुरी वाजली.

"बोला," आवाज आला, जरा बसलेला. "कुठून बसल्या?"

आता दर रविवारी आधी त्यांना, मग मायला. पण एवढ्यानं फिटत नाही. मामांनी जन्मभर लोकांना तिकिटं दिली. स्वतःसाठी एकही कधी काढलं नाही, आधी नोकरी, मग रिटायरवाल्यांचा पास. म्हणून मी पगारातून बाजूला टाकते आहे. एक दिवस मी बीबीच्या स्टँडवर येईन आणि त्यांचं तिकीट काढीन, बीबी ते बंगळूर, फुल, खिडकीची सीट, आणि त्यांना बसून यावं लागेल. इथं खिडकी आहे का ते त्यांनीच बघावं.

तोवर मामा, बाकी मागं लिहून ठेवली आहे. उतरताना घ्या.