आजच्या काळाचा डबा

"दहाच्या आत डबा भरून आणतो. तू निवांत कणीक मळ!" असं बायकोला, म्हणजे यशोदाबाईंना, बजावून जयरामराव पगारे निघाले. ऐट तर अशी, जणू रॉकेलची विहीर घरचीच!

साल चौऱ्याहत्तर. रॉकेलची टंचाई. आणि त्याच दुपारी लेकीचे सासू-सासरे लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. मटणाचा बेत होता. घरात स्टो दोन, आणि दोन्ही कोरडे ठणठणीत! लेकीची सासरी मान खाली जाऊ नये, एवढंच यशोदाबाईंचं म्हणणं होतं.

पंचवटीतल्या केरूशेठच्या दुकानासमोर रीत अशी, की उन्हात माणसानं नाही, डब्यानं उभं राहायचं. माणसं समोरच्या ओट्यावर सावलीत बसणार. दुकान उघडलं की ज्याचा डबा जिथं, तो माणूस तिथं. जयरामरावांचा डबा चक्क तिसरा होता! आता गप्प बसायचं की नाही? पण कचेरीतला हेडक्लार्क गप्प कसा बसेल?

सुरुवात केली कोंडाजींनी. देवळाली कॅम्पातून रिटायर झालेले हवालदार. मिशा पिळत म्हणाले, "गोरा साहेब होता तेव्हा असली लाईन नव्हती. देशाचे सोन्याचे दिवस तेच!"

जयरामरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुलामीचे दिवस सोन्याचे? लाज वाटत नाही?"

"डिसिप्लिन होती!"

"चाबकाची! सोन्याचे दिवस सम्राट अशोकाचे! रस्त्याच्या कडेला झाडं, विहिरी, जनावरांच्यासुद्धा औषधपाण्याची सोय! आज माणसाला तरी आहे का?"

भाजीवाल्या ठमाबाईंनी विचारलं, "आन् घासलेट मिळायचं का वं तवा?"

"लागतच नव्हतं!"

"मंग तेच सोन्याचे!" ठमाबाईंनी निकाल दिला.

"नुसतं तोंडानं काय सांगता?" कोंडाजी कडाडले. "आमच्या पलटणीत सगळं मांडून दाखवायचे. दाखवा मांडून!"

झालं! जयरामरावांनी ओट्यावरून उडी मारली. रांगेत मागे असलेला ठमाबाईंचा डबा उचलून थेट दुकानाच्या दाराशी ठेवला. "हा अशोक! सगळ्यात पुढे!" पहिल्या नंबरचा कोंडाजींचा डबा धरून मागे ओढला. "हा इंग्रज! याची जागा गटाराशी!"

"खबरदार!" कोंडाजींनी आपला डबा हिसकून दोन नंबरला आणला. "इंग्रज इथंच राहणार!"

मग सगळा ओटाच खाली उतरला. "माझा यादवांचा! आपल्या मुलखातलं राज्य, पुढे घ्या!" "माझी स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं, ती काय वाईट होती?" डबे खणाखण पुढे सरकू लागले. प्रत्येकाला सुवर्णकाळ हवा होता. आपला डबा वाईट काळ म्हणून द्यायला एकजण तयार होईल तर शपथ!

"आणि आजचा काळ?" कोंडाजींनी डिवचलं. "तो कुठं?"

जयरामरावांची कानशिलं तापली. "आजचा? दाखवतो!" त्यांनी स्वतःचाच डबा उचलला, अख्खी रांग ओलांडली आणि शेवटच्या डब्याच्याही मागे, गटाराच्या कडेला दाणकन आपटला. "हा इथं! तळाला! आणि देश घसरला का? जो तो आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेत घुसतोय, म्हणून!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच केरूशेठनं दुकानाच्या फळ्या काढल्या. "चला, आपापल्या डब्यापाशी!"

जयरामराव ऐटीत तिसऱ्या जागी गेले. तिथं यादव उभे होते.

"मी तिसरा होतो!"

"पगारेसाहेब," यादवांचे मालक म्हणाले, "दुसऱ्याच्या जागेत घुसू नये, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"ठमाबाई, तुम्ही तरी सांगा! तुमचा डबा मागे होता!"

"तुमीच ठिवला ना म्होरं? आता नाय हालत मी."

"अहो बाई, तो इतिहास होता!"

"आन् हे घासलेट हाय!"

"डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन!" कोंडाजींनी शेरा मारला.

अशोक भरला. इंग्रज भरला. यादव काठोकाठ भरले. स्वातंत्र्याची पहिली वर्षंही भरून घरी गेली. आजच्या काळापाशी मात्र केरूशेठनं पिंप उलटं करून दाखवलं. एक थेंब पडला, तोही जमिनीवर! जयरामराव केरूशेठशी भांडले, कोंडाजींशी भांडले, शेवटी गटाराशी भांडून रिकामा डबा घेऊन घरी आले. यशोदाबाईंना सगळी हकिकत सांगावीच लागली.

शेजारीपाजारी मागावं, तर त्यांचेही स्टो उपाशीच. पाहुणे आले. मटण कच्चं, कणीक तशीच. व्याह्यांपुढे चिवडा, केळी आणि माठातलं पाणी! विहीणबाई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या आणि यशोदाबाईंना धरणी दुभंगावी असं वाटत होतं.

व्याही माणूस सालस. अवघडलेपण जावं म्हणून चिवडा चावत म्हणाले, "पगारेसाहेब, तुम्ही व्यासंगी माणूस. आपल्या देशाचं नेमकं बिघडलं कधी हो?"

जयरामराव सगळं विसरले. ताठ बसले, घसा खाकरला. "त्याचं असं आहे—"

"आज सकाळी!" आतून यशोदाबाईंचा आवाज आला. "केरूशेठचं दुकान उघडायच्या जरासं आधी!"