वर्गातली वेल्ह्याची जागा

बेलसरेमास्तर वर्गातली नदी ओलांडताना धोतर वर उचलून धरायचे. नदी म्हणजे बाकांच्या दोन रांगांमधली कोरडी फरशी. ती नीरा आहे असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मास्तरांनी एकदा ठरवलं की फरशीला वाहावंच लागे.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो, भिंतीपलीकडच्या वर्गात. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. भोरच्या हायस्कुलात आसपासच्या गावांतली मुलं कुणा ना कुणा नातेवाइकाकडे राहून शिकत. मास्तर इतिहासाच्या तासाला त्यांना आपापल्या गावाप्रमाणे बसवायचे. फळा उत्तरेला. फळ्याजवळचा डावा कोपरा वेल्हे, उजवीकडे दाराशी किकवी, मागे आंबवडे आणि मधोमध भोर. फौज निघाली की मुलं खरोखर उठून चालू लागत. माझं त्रैराशिक त्या पायांखाली किती वेळा चिरडलं गेलं असेल, देव जाणे.

"नुसतं ऐकू नका, हजर राहा!" हे त्यांचं पालुपद. हजर राहायचं म्हणजे जबाबदारीही आलीच. एकदा त्यांनी किकवीच्या एका मुलाला उभं केलं.

"शत्रूचा तळ तुमच्या शिवारात पडला आणि भोरला साधा निरोप नाही? किकवीकडून ही अपेक्षा नव्हती."

पोरगं रडकुंडीला आलं. "सर, म्या न्हवतो हितं. मामाकडं गेल्तो, शिरवळला."

"मग शिरवळहून तरी कळवायचं!"

वर्ग हसला, तो मुलगाही हसला, भिंतीपलीकडे मीही हसलो. मास्तरांच्या विद्यार्थ्यांना सनावळ्या येत नसत, पण कुठल्या घाटातून तोफ वर चढत नाही हे मात्र पक्कं ठाऊक असे.

वेल्ह्याच्या कोपऱ्यातला एक बाक कायम रिकामा असायचा. एकदा शाळातपासणीला आलेले साहेब नेमके तिथे टेकले. मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, ती जागा भरलेली आहे." साहेब दचकून उठले, बाकाखाली वाकून बघितलं आणि शेऱ्यात लिहून गेले, 'शिक्षक उत्साही आहेत. विश्रांती द्यावी.' त्या शेऱ्यावर आम्ही पुष्कळ दिवस चहा प्यायलो.

मास्तरांची निवृत्ती जवळ आली, तेव्हा एका शनिवारी ते मला म्हणाले, "उद्या वेल्ह्याकडे येता का? एकट्यानं जायचा धीर होत नाही." एस.टी.नं सोडलं तिथून आम्ही चढ चढायला लागलो आणि वाटेत त्यांनी त्या बाकाची हकिगत सांगितली.

तिथे बिरू बसायचा. वेल्ह्याच्या गडामागच्या वाडीवरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वाडीतून हायस्कुलात आलेला तो पहिलाच. मास्तरांनीच त्याच्या बापाची मनधरणी करून त्याला आणलं होतं. एके दिवशी वर्गात गडाला वेढा पडला होता. गड पडायचा होता आणि त्यासाठी फितूर हवा होता. मास्तर भलतेच रंगात आले होते. त्यांनी बिरूकडे बोट दाखवलं आणि गरजले, "मागची चोरवाट शत्रूला दाखवली कुणी? तुमच्या वाडीनं!" वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मुलांनी 'फितूर, फितूर' म्हणून त्याला भंडावून सोडलं. थोड्याच दिवसांत बिरू वाडीवर निघून गेला, तो परत आलाच नाही.

"पण हे तुम्ही वाचलं होतंत कुठे?" मी विचारलं.

"कुठेच नाही हो. गोष्टीत एक माणूस कमी पडत होता. हा समोर बसला होता." एवढ्यात वाडी आली.

बिरू आता चांगला मिशावाला बाप्या झाला होता. मास्तरांना बघताच त्यानं घोंगडी अंथरली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या बायकोनं दूध आणून दिलं. मास्तरांनी पेल्याला हातही लावला नाही.

"बिरू, मी खोटं बोललो होतो. ती वाट तुमच्या माणसांनी दाखवली नव्हती. मी मनचं सांगितलं."

बिरू हसला. "आसं कसं, मास्तर? तुमी कंदी खोटं सांगचाल व्हय? दावली आसंल आमच्याच मानसानं. दसऱ्याला समदं गाव गडावर जातं, तवा आमचं घर माघारी ऱ्हातं. म्या पोरांनाबी सांगून ठिवलंय, आपल्याला वर जायाला तोंड न्हाई."

मास्तरांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी देवाची शपथ घेतली, बिरूचे हात धरले. "अरे, असं काही घडलंच नाही रे! ऐक माझं, या दसऱ्याला वर जा!" जन्मभर वर्ग गाजवणारा तो आवाज एका घोंगडीवर बसलेल्या माणसाला काही पटवू शकत नव्हता. उलट बिरूच त्यांची समजूत घालू लागला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. मनाला लावून घिऊ नगा. लई जुनी गोष्ट हाय."

उन्हं कलली तसे आम्ही उठलो. बिरू काठी घेऊन पुढे झाला. "मोठ्या वाटंनं लांब पडंल. चला, मागची वाट दावतो." आणि हसत, अगदी सहज म्हणाला, "आमचं कामच हाय त्ये."

उतारावर ओढा लागला. बिरूनं हात पुढे केला, मी विजार गुडघ्यापर्यंत ओढली. मास्तरांनी मात्र धोतर उचललं नाही. ते तसेच पाण्यातून चालत गेले.