अर्ध्या किलोचा चाप

जेवणाच्या टेबलावर नवं पिस्तूल उघडून ठेवलेलं होतं आणि घरात कुणी धड श्वासही घेत नव्हतं. खाली पांढरा टॉवेल, त्यावर ते काळंभोर यंत्र आणि शेजारी सुयांइतक्या बारीक चाव्या. तसं ते हवेच्या दाबावर चालणारं, कागदी लक्ष्यावर नेम धरायचं पिस्तूल होतं. त्यानं फार तर कागदाला भोक पडलं असतं. तरी काटेकोर सकाळपासून त्याच्या आसपास चवड्यांवर चालत होते.

काटेकोर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खालच्या मजल्यावर त्यांचं किराणा दुकान होतं. सगळ्या बाजारानं विजेवरचे काटे घेतले, तरी यांनी जुना तराजू आणि लोखंडी वजनं सोडली नव्हती. पारड्यात शेवटचे दोन दाणे सोडताना ते डोळे असे काही बारीक करायचे, की गिऱ्हाईक भारावून जायचं. त्यावरून हे नाव पडलं, आणि त्यांनीही ते मोठ्या कौतुकानं लावून घेतलं.

पिस्तूल सुनेचं होतं. दुसऱ्या दिवशी तिची निवड स्पर्धा होती. त्यातून निवड झाली तर मोठ्या संघात जागा, नाही तर पुन्हा वर्षभर वाट बघायची. लाकडी मूठ तिनं कानशीनं घासघासून आपल्या पंजाला बसवून घेतली होती. नेमाची खाच लावून झाली होती. राहिला होता फक्त चाप.

"नियम असा आहे बाबा," सून म्हणाली, "चापाला अर्धा किलो टांगला, तरी तो सुटता कामा नये. सुटला तर तपासणीतच बाद."

"मग ठेव की चांगला जड."

"जड ठेवला तर बोटाला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की नेम हलतो. म्हणून सगळे अगदी काठावर ठेवतात. अर्धा किलो, आणि वर केसभर."

काटेकोर थक्कच झाले. उभ्या जन्मात त्यांनी अर्धा अर्धा किलो करत डोंगरभर माल तोलला होता, पण अर्ध्या किलोवर कुणाचं नशीब टांगलेलं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. केसभर म्हणताना सुनेनं बोटांत जे अंतर दाखवलं, ते तर त्यांना दिसलंसुद्धा नाही.

"क्लबातलं वजन आज मिळायचं नाही," सून म्हणाली. "आई, अर्ध्या किलोचं काही आहे का घरात?"

"साखरेचा बंद पुडा आहे. देऊ?"

"पुडा?" काटेकोरांना ते लागलं. "खाली माझं वजन असताना या घरात पुड्यावर नेम धरायचा?"

"अहो, ते वजन नका देऊ तिला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पुडा बरा."

"तुला त्यातलं काय कळतं?" असं म्हणून ते ताडताड जिना उतरले आणि गल्ल्यावरचं अर्ध्या किलोचं वजन फडक्यानं पुसून घेऊन आले.

सुनेनं वजनाला दोरी बांधली आणि पिस्तुलाचं तोंड वर करून वजन चापाला अडकवलं. टक्. चाप सुटला. तिनं स्क्रू किंचित पिळला. पुन्हा टक्. आणखी किंचित पिळला, आणि वजन हवेत डुलत राहिलं. चापानं ते धरलं होतं. काटेकोरांच्या अंगावर काटा आला.

"झालं," सून हसून म्हणाली. "बाबा, उद्या तुमच्या वजनावर माझा नेम."

एवढं वाक्य त्यांना दिवसभर पुरलं. तेल न्यायला आलेल्या माणसाला सांगून झालं, काडेपेटी न्यायला आलेल्यालाही सांगून झालं. "सुनेचं पिस्तूल आपल्या वजनावर बसवलंय बरं का. उद्या या बघायला." परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी दुकान सासूबाईंवर सोपवून काटेकोर स्पर्धेच्या दालनात पोचले, तेव्हा अर्धी गिऱ्हाइकं त्यांच्या आधीच येऊन बसली होती. शेजारचा सलूनवाला तर दुकान बंद करून आला होता.

तपासणीच्या टेबलामागे एक किडकिडीत पंचबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर एक चकचकीत वजन होतं. कोपऱ्यात पिस्तुलांच्या नळकांड्यांत हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. पंचबाईंनी सुनेचं पिस्तूल घेतलं, तोंड वर केलं, वजन अडकवून अलगद उचललं.

टक्.

"पुन्हा बघते," त्या म्हणाल्या. टक्. तिसऱ्यांदाही टक्.

"चाप हलका आहे."

सुनेचा चेहरा उतरला. काटेकोरांच्या तोंडून मात्र सवयीनं निघून गेलं, "चाप कसा हलका असेल? तुमचं वजनच जड असेल!"

झालं. गिऱ्हाइकं उठलीच. "अहो बाई, काटेकोरांचं वजन आहे ते! पिस्तूल चुकेल, वजन चुकायचं नाही." "आमचं आयुष्य गेलं त्या वजनावर!" पंचबाई शांतपणे म्हणाल्या, "आमचं वजन तपासून आणलंय. पाहिजे तर तुमचं आणा, इथे विजेचा काटा आहे." लगेच सलूनवाला पुढे झाला. "आत्ता आणतो की! काका, तुम्ही हलू नका." आणि काटेकोर 'नको' म्हणेपर्यंत त्याची स्कूटर सुरूही झाली.

आता काटेकोरांना दरदरून घाम फुटला. कारण त्या वजनाची गोष्ट अशी होती, की काटेकोरांच्या वडिलांनी त्याच्या तळाचं शिसं थोडं कोरून काढलं होतं. शिसं वाया घालवणारा तो माणूस नव्हता. ते त्यांनी वितळवून दुसऱ्या अर्ध्या किलोच्या तळात ओतलं. हलकं वजन विकायला, म्हणून गल्ल्यावर; जड वजन माल विकत घ्यायला, म्हणून गल्ल्याखाली. लहानपणी काटेकोरांनी विचारलं होतं, तेव्हा वडील म्हणाले होते, "यात लबाडी कसली? दोन्हींची बेरीज कर, बरोबर एक किलो भरते." हा हिशेब काटेकोरांना इतका पटला होता, की गल्ल्यावरचं वजन हलकं आहे हे पुढे ते स्वतःच विसरून गेले होते.

सून चावी घेऊन टेबलाशी उभी होती. पंचबाईंनी तिला बजावलं होतं, "तपासणीचं वजन हातात मिळणार नाही. चाप नीट कर. मी आणखी एकदाच बघेन, आणि त्या वेळी सुटला तर घरी."

ती सासऱ्यांजवळ आली. "बाबा, अंदाजानं पिळला आणि जास्त पिळला गेला, तर बोट अडखळेल. खरं सांगा, आपलं वजन किती कमी आहे?"

"कमी असं नाही म्हणता येणार…"

"बाबा."

"असेल एखाद दोन चमचे."

"कशाचे चमचे? रव्याचे की मिठाचे?"

काटेकोरांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसता आकडा हवा होता तिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे खरं वजन मागत होतं, आणि ते भीक मागितल्यासारखं मागत होतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ते पुटपुटले. यंत्राच्या धडधडीत तिला ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं सांगा!"

काटेकोर डोळे मिटून ओरडले. नेमकी त्याच क्षणी कुणीतरी यंत्राची कळ बंद केली.

"चाळीस ग्रॅम!"

दालनभर ते घुमलं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. सुनेनं मात्र मान हलवली, चावी घालून स्क्रू पिळला आणि पिस्तूल पुढे केलं. पंचबाईंनी वजन अडकवलं. उचललं. वजन हवेत डुललं आणि डुलतच राहिलं.

"पास," पंचबाई म्हणाल्या.

तोच घामाघूम सलूनवाला आत आला. "गल्ल्यावर वजन नव्हतंच. काकूंनी गल्ल्याखालून काढून दिलं, म्हणाल्या हेच ने." आणि त्यानं वजन विजेच्या काट्यावर ठेवलं. सगळे वाकले. काट्यावर आकडे उमटले, पाचशे चाळीस.

"चाळीस ग्रॅम जास्त!" सलूनवाला ओरडला. "म्हणजे काका मघाशी हेच सांगत होते!" तेलवालं गिऱ्हाईक म्हणालं.

"इतकी वर्षं आपल्याला जास्त देत होते, आणि कधी बोलले नाहीत!" कुणीतरी गहिवरून म्हणालं. काडेपेटीवाल्या गिऱ्हाइकानं तर हात जोडले. पंचबाईंनी एकदा वजनाकडे, एकदा पिस्तुलाकडे पाहिलं. जड वजनावर बसवलेला चाप हलका निघेलच कसा, हे त्यांना न कळण्यासारखं नव्हतं. चष्म्यावरून बघत त्या एवढंच म्हणाल्या, "अशी वजनं जोडीनं असतात वाटतं."

मग स्पर्धा सुरू झाली आणि काटेकोर सगळं विसरले. सुनेचा हात वर गेला, सावकाश खाली आला आणि एका जागी थांबला. तराजूचा काटा मधोमध आला तरी थोडा थरथरतो, हा हात तेवढाही थरथरत नव्हता. बोट मागे येत होतं, पण ते हलताना दिसत नव्हतं. फट् असा एवढासा आवाज झाला. दूरच्या कागदाच्या पार मध्यावर मुगाएवढं भोक पडलं. पुन्हा हात वर गेला. काटेकोरांना वाटलं, इथे एका ग्रॅमचीही चोरी चालायची नाही. हिनं मनात आणलं तरी हा कागद हिला सोडायचा नाही. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायलाही त्यांना हात हलवावासा वाटेना.

सुनेची निवड झाली. घरी येताना तिनं तो कागद त्यांच्या हातात दिला. "दुकानात लावा, बाबा. तराजूच्या मागे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच रांग लागली होती. "काका, कालच्याच वजनानं द्या हं!" सलूनवाल्यानं पाचशे चाळीसवालं वजन सगळ्यांसमोर गल्ल्यावर आणून ठेवलं. काटेकोर तोलू लागले. दर अर्ध्या किलोला चाळीस ग्रॅम फुकट जात होते, पण मागे भिंतीवर तो कागद होता.

तेवढ्यात शेंगा विकायला येणारी बाई पोतं घेऊन आली. सवयीनं काटेकोरांचा हात गल्ल्याखाली गेला. तिथे आता हलकं वजन होतं. विकताना जास्त जाणार होतं, घेताना कमी येणार होतं. त्यांनी केविलवाण्या चेहऱ्यानं बायकोकडे पाहिलं.

सासूबाईंनी ते हलकं वजन स्वतःच्या हातानं पारड्यात ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "एवढं काय तोंड करताय? बेरीज करा की. बरोबर एक किलो भरते."