दिनकररावांची अध्यापनपद्धती

'आपली अध्यापनपद्धती दोन पानांत वर्णन करा.' विद्यापीठाच्या अर्जातलं हे वाक्य वाचून प्राध्यापक दिनकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताडकळसच्या कॉलेजात सोळा वर्षं इतिहास शिकवला, आणि आता वरिष्ठ श्रेणी हवी तर म्हणे पद्धत सांगा! ज्यांना विद्यापीठाचं नाव काय ठेवायचं हे दहा वर्षांत ठरवता येईना, ते यांची पद्धत तपासणार! आणि पद्धत कसली? दिनकरराव खुर्चीत बसून टिपणं सांगत, मुलं माना खाली घालून उतरवून घेत. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमानच होता.

"टिपणं सांगतो, असं लिहू नका," प्राचार्य म्हणाले. "जरा भारदस्त लिहा. सगळेच लिहायलेत."

"मग लिहितो की!" दिनकरराव कडाडले आणि रागाच्या भरात त्यांनी दोन पानं ठोकून दिली. माझ्या वर्गात विद्यार्थी मला अडवतात, वाद घालतात, उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत, वगैरे.

विद्यापीठाच्या समितीला ते इतकं आवडलं, की ती वाद प्रत्यक्ष बघायलाच आली. आली तीही नेमकी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी कुठलं कॉलेज आणि कुठली पोरं! कुणी बापाबरोबर भाजीच्या ढिगामागे, कुणी शेरडं घेऊन गिऱ्हाईकाची वाट बघत. वर्गात बाकं तेवढी हजर होती.

"घाबरू नका सर," शिपाई मुंजाजी म्हणाला. "माणसं म्या आणतो. चहा पाजतो म्हणलं की झालं."

"मला विद्यार्थी पाहिजेत, माणसं नकोत!"

"बाकावर बसल्यावर कोण वळखतंय?"

समिती प्राचार्यांच्या खोलीत पोहे खात होती, तोवर मुंजाजीने बाजारातून बाकं भरतील इतकी माणसं गोळा केली. पुढच्या बाकावर मेंढरं विकून मोकळे झालेले भुजंगबुवा, घोंगडीसकट. शेजारी सरजाबाई, मिरच्यांची पाटी मांडीवर घेऊन. मुंजाजीने सगळ्यांना बजावलं होतं, "सरांना गुमान बोलू द्यायचं न्हाई. आडवायचं."

समिती मागे येऊन बसली. दिनकररावांनी टिपणं उघडली. "फ्रान्सच्या प्रजेने राजाविरुद्ध उठाव केला..."

"का बरं?" भुजंगबुवांनी विचारलं.

"भाकरी महाग झाली म्हणून."

"मग राजाची जमीन कोनाला गेली? आमच्याकडं निजाम गेला, पन पाटलाची जमीन पाटलाकडंच ऱ्हायली."

"ते टिपणात नाही!"

"मग टिपण कशाला वाचायलाव मास्तर? इचारलं त्ये सांगा की."

"आन् राजाची बायकू काय करायली व्हती?" सरजाबाईंनी हात नाचवला. "तिला सासू न्हवती का, दोन गोष्टी सांगायला?"

असला आगाऊपणा दिनकररावांनी जन्मात सोसला नव्हता. टिपणं टेबलावर आपटून ते उभे राहिले आणि तावातावाने सांगू लागले. जमीन, कर, सरदारांची मिजास, राणीचा थाट! बुवा अडवत, ते ओरडत, मागची बाकं बुवांची बाजू घेत. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

समितीचे अध्यक्ष गहिवरले. "दिनकरराव, तुमच्यासारखा माणूस कॉलेजात ठेवणं पाप आहे! तालुक्यातलं प्रौढशिक्षणाचं काम तुमच्याकडे देतो. मानधन नाही, पण मान मोठा."

"आणि माझी वरिष्ठ श्रेणी?"

"ती कॉलेजची मुलं शिकवणाऱ्यांना असते हो. इथं एक तरी मुलगा होता का? आम्हाला मिशीवाले आजोबा ओळखू येत नाहीत, असं वाटलं का तुम्हाला?"

जीप धूळ उडवत निघून गेली. प्राचार्य तिच्यामागे हात जोडून उभेच.

"हा दरोडा आहे! दिवसाढवळ्या दरोडा!" दिनकरराव रिकाम्या होत चाललेल्या वर्गात गरजत होते. सरजाबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

"सर, चहाचं ऱ्हाऊ द्या. त्या राणीचं फुडं काय झालं?"

"मुंडकं उडवलं! झालं समाधान?"

"अगं बया! बाईमानसाचं? आन् तिची लेकरं?"

घरी जायला दिनकररावांनी छत्री उचलली होती. ती त्यांनी कोपऱ्यात भिरकावली.

"इथं माझी श्रेणी बुडाली, आणि हिला लेकरांची पडली!" ते करवादले. मग त्यांनी खुर्ची बाकाजवळ ओढली आणि दातओठ खातच लेकरांचं काय झालं ते सांगायला बसले.