पोशाची पेज

ज्या एका वाक्यापायी पोशा गेला, ते मी हसत हसत बोललो होतो. आधी हे कबूल करतो. त्याशिवाय दाजीशास्त्रींविषयी लिहायचा मला हक्क नाही.

ठाण्यात टेंभी नाक्यावर माझा दवाखाना. समोरच्या ओटीवर दाजीशास्त्री वैद्य बसत. नाडी धरली की ते डोळे मिटत आणि रोग्याला काय होतंय ते ऐकण्याआधी विचारत, "यापूर्वी कोणत्या गाढवाचं औषध चालू होतं?" या गाढवांत कल्याणचा हकीम असे, भिवंडीचे वैद्य असत, आणि बहुतेक वेळा मी असे. एकदा एक म्हातारी म्हणाली, "तुमचंच की, बुवा!" शास्त्रीबुवांनी डोळेही उघडले नाहीत. "मग औषध बरोबर असेल. पथ्य तू मोडलं असशील."

माझ्या काचेच्या बाटल्यांवर तर त्यांचा फार राग. ओटीवरून ओरडत, "काय बाटलीबहाद्दर, आज लाल पाणी की पिवळं?" त्यांचे रोगी हसत. माझेही हसत. मी आतून जळत असे.

पोशा मिठागरावर कामाला होता. त्याचा ताप मुदतीचा आहे असं ओळखून शास्त्रीबुवांनी त्याला एकवीस दिवस नुसत्या पेजेवर ठेवलं होतं. चौदाव्या दिवशी त्याची बायको हिरू त्याला धरून माझ्याकडे घेऊन आली.

"घास मागतो वो डाक्तर, न् मी पेज पुढं करते. बघवत नाय."

दवाखान्यात चार-पाच माणसं बसली होती. मी पोशाची जीभ पाहिली न पाहिलीशी केली आणि मोठ्याने म्हणालो, "साधा हिवताप आहे. म्हातारा उपाशी मारतोय याला! हे कोयनेल दे, आणि पोटभर भात-मासळी घाल."

सगळे हसले. ते हसू मला इतकं गोड लागलं की पोशाच्या पोटाला मी हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात कळ उठली. दिवस मावळायच्या आत तो गेला. मुदतीच्या तापात आतड्यांना जखमा होतात, जड अन्नाने त्या फाटतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

पोशाचं दिवसपाणी झाल्यावर हिरू शास्त्रीबुवांच्या ओटीखाली येऊन उभी राहिली. मी माझ्या दाराआड. आता म्हातारा मला भर नाक्यात सोलणार, याची मला खात्री होती.

"बुवा, भात मीच भरवला. मीच मारला ना त्याला?"

शास्त्रीबुवांनी तिला ओटीवर बसवलं. मग म्हणाले, "भाताने नाही गं. तापच वाईट होता. डॉक्टरांनी केलं तेच मीही केलं असतं."

त्या खोट्याच्या आडोशाला मी आठ महिने लपलो. मग एक दिवस कानावर आलं की हिरू भाताला शिवत नाही, नुसत्या पेजेवर राहते.

मी समोरच्या ओटीवर गेलो. शास्त्रीबुवा खलात काही घोटत होते. बत्ता उचलायला त्यांना दोन्ही हात लागत होते; इतकी वर्षं समोर बसून ते मला दिसलं नव्हतं.

"शास्त्रीबुवा, तुम्ही खोटं का बोललात?"

"मला मूलबाळ नाही. शिष्य एक टिकला नाही, माझ्या तोंडापायी." त्यांनी बत्ता खाली ठेवला. "मी गेल्यावर या लोकांची नाडी कोण धरणार? तूच ना, गाढवा? तिचं माणूस गेलं होतं. वर तिचा तुझ्यावरचा विश्वास कशाला घालवू? उद्या तिचं पोर आजारी पडलं तर ती जाईल कुठे?"

"पण ती जेवत नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तिथे माझं औषध चाललं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरूला निरोप धाडून शास्त्रीबुवांच्या ओटीपाशी बोलावलं. ओटी रोग्यांनी भरलेली होती. मी शास्त्रीबुवांच्या शेजारून उठलो आणि ओटी उतरून तिच्यासमोर उभा राहिलो.

"हिरू, पेज बरोबर होती. शास्त्रीबुवा बरोबर होते. भात घाल असं मी सांगितलं, आणि तेही यांना चारचौघांत हिणवायला. तुझ्या हातांनी काही वाईट केलं नाही. पोशा माझ्यामुळे गेला. मला क्षमा कर."